रस्त्यावरचं गाणं चित्रात कसं उतरतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर वाद्य वाजवून पोट भरणारी माणसं आणि चारचौघांनी मिळून गायलेलं गाणं, या दोन विषयांनी चित्रकारांना हजारो वर्षं धरून ठेवलं आहे. ही चित्रं कुणाला दाखवायला बसलं की ठरावीक प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं मला जमतील तशी इथे दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे थांबून बघण्यासारखं खूप आहे.

चित्राला आवाज नसतो. मग गाणं दिसतं कसं?

अंगातून दिसतं. तोंड उघडं काढणं हा सगळ्यात सोपा मार्ग, पण नुसत्या उघड्या तोंडानं काम भागत नाही. जांभई देणारा, किंचाळणारा आणि गाणारा, तिघांचीही तोंडं उघडीच असतात. फरक पडतो तो कपाळ, मान, छाती आणि बोटं यांनी.

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या सेंट बाव्हो कॅथीड्रलमध्ये व्हान आइक बंधूंचं मोठं वेदीचित्र आहे, १४३२ साली पूर्ण झालेलं. त्याच्या एका फळीवर आठ देवदूत एका घडवंचीभोवती गात उभे आहेत. त्यांना पंख नाहीत, अंगावर जड भरजरी झगे आहेत, आणि चेहरे चक्क कष्ट करणाऱ्यांचे आहेत. कुणाच्या भुवया आक्रसल्या आहेत, कुणाच्या कपाळाला आठी पडली आहे, प्रत्येकाच्या ओठांचा आकार वेगळा. कारेल व्हान मांडर या लेखकानं १६०४ साली लिहून ठेवलं की यातला वरच्या पट्टीत कोण गातो आणि खर्जात कोण, हे चेहऱ्यांवरून ओळखता येतं. हे चित्र मोठं करून पाहिल्यावर मला त्याचं म्हणणं पटलं. सूर लावायला जी मेहनत पडते ती चित्रकारानं लपवलेली नाही. देवदूत म्हणून त्यांना गोड, गुळगुळीत केलेलं नाही.

ताल दाखवायची युक्ती वेगळी. लोरेन्झो कोस्ता या इटालियन चित्रकाराच्या १४९०च्या आसपासच्या एका चित्रात तिघं जण गात आहेत, मधला ल्यूट वाजवतो आहे. पुढे संगमरवरी कट्टा आहे, आणि त्यावर त्यांची बोटं टेकलेली आहेत, ताल धरलेली. ती बोटं नजरेत भरली की चित्र थांबल्यासारखं वाटत नाही. हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

अशी चित्रं साधारण कधीपासून मिळतात?

मला या बाबतीत सगळ्यात आधी आठवतं ते एक भांडं. क्रीट बेटावरच्या हागिया त्रियादा इथे सापडलेलं, मऊ दगडात कोरलेलं, इसवी सनापूर्वी १५००च्या सुमाराचं. त्याला ‘हार्वेस्टर व्हाज’ म्हणतात. खालचा भाग हरवला आहे, उरलेला तुकडा हातात मावेल एवढा. त्यावर सत्तावीसच्या आसपास माणसं शेतीची अवजारं खांद्यावर टाकून मिरवणुकीनं चालली आहेत. मध्ये एक जण सिस्ट्रम, म्हणजे इजिप्तमध्ये वाजवायचे तसला खुळखुळा, हातात उंचावून गातो आहे. त्यानं छाती इतकी भरून घेतली आहे की बरगड्या एकेक मोजता येतील. त्याच्या मागे आणखी तिघं तोंड उघडून साथ देत आहेत.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी एका कारागिरानं, नखाएवढ्या जागेत, गाणं हे घशात नसून फुप्फुसात असतं हे कोरून ठेवलं. हा तुकडा आता हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे.

रस्त्यावरच्या वादकांचं म्हणाल तर पाँपेईमध्ये ‘सिसरोचा बंगला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरात मिळालेलं एक छोटं मोझेक आहे, आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. एका दारापुढे काही मंडळी वाजवत, नाचत आहेत: एकाच्या हातात मोठी डफासारखी खंजिरी, दुसऱ्याकडे टाळांची छोटी जोडी, तिसरी बाई दुहेरी बासरी फुंकते आहे, आणि बाजूला एक लहानशी आकृती. त्यांच्या तोंडांवर नाटकातले मुखवटे आहेत, कारण हा एका ग्रीक सुखात्मिकेतला प्रसंग आहे. वर चक्क सही आहे: सामोसच्या डायोस्कोरिडीसनं हे केलं. म्हणजे रस्त्यावरचे वादक तोवर नाटकाचा विषय होऊन गेले होते, आणि नाटकातून मोझेकमध्ये आले होते.

चीनमध्ये छंग्तू इथे १९५७ साली हान राजवटीतल्या एका थडग्यात मातीची एक मूर्ती मिळाली. ढोलकं बगलेत घेऊन गात गात गोष्ट सांगणारा माणूस. एक पाय हवेत उचललेला, कपाळावर सुरकुत्या, आणि हसू इतकं मोकळं की बघणाऱ्यालाही आवरत नाही. अर्ध्या मीटरपेक्षा जरा जास्त उंचीची ही मूर्ती मेलेल्या माणसाच्या सोबतीला ठेवलेली होती.

जुन्या युरोपीय चित्रांत दांडा फिरवायची एक पेटी सारखी दिसते. ते काय आहे?

हर्डी-गर्डी. दिसायला फुगीर सारंगीसारखी, पण गज नसतो. आत लाकडाचं चाक असतं, त्याला राळ लावलेली असते. एका हातानं दांडा फिरवला की चाक तारांना घासत राहतं, म्हणजे गज कधी संपतच नाही. दुसऱ्या हातानं बाजूच्या पट्ट्या दाबून सूर बदलायचे. काही तारा एकच सूर धरून सतत घुमत राहतात, तंबोऱ्यासारख्या. एकट्या माणसाला स्वतःच्या गाण्याला स्वतःच अखंड साथ मिळते, म्हणून भटक्या गायकाला हे वाद्य फार सोयीचं.

या वाद्याची इभ्रत जशी वरखाली झाली तशी फार थोड्यांची झाली असेल. स्पेनमधल्या सांतियागो द कोंपोस्तेला कॅथीड्रलच्या दारावर, ११८८ सालच्या कोरीवकामात, त्याचा पूर्वज दिसतो: दोन वृद्ध राजे शेजारी बसून एकच मोठं वाद्य मांडीवर घेऊन वाजवतात, एक दांडा फिरवतो, दुसरा पट्ट्या सांभाळतो. म्हणजे ते तेव्हा देवाच्या दारातलं वाद्य होतं. पुढे ते आंधळ्या भिकाऱ्यांच्या हाती आलं. थोरल्या ब्रूगेलच्या १५६८च्या आंधळ्यांच्या रांगेच्या चित्रात पहिला माणूस खड्ड्यात उताणा पडला आहे आणि त्याच्याबरोबर त्याचं हे वाद्यही. बॉश या डच चित्रकारानं रंगवलेल्या नरकात तर ते माणसांना छळायचं यंत्र झालेलं आहे. आणि अठराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारी मंडळींना खेडवळ जगण्याची हौस लागली तेव्हा तेच वाद्य हस्तिदंत जडवून दिवाणखान्यात आलं.

म्हणून चित्रात हे वाद्य दिसलं की साल बघावं. त्या सालानं अर्थ बदलतो.

चित्रातले इतके गायक-वादक आंधळे का असतात?

पहिलं कारण साधं आहे: ते खरोखरच आंधळे होते. डोळे नसलेल्या गरीब माणसाला जी थोडी कामं करता येत, त्यात गाणं हे एक होतं. स्पेनमध्ये आंधळ्यांचे संघ होते, तेच गाण्यांचे छापील कागद गाऊन विकत. जपानमध्ये ‘गोझे’ नावाच्या आंधळ्या बायकांच्या संघटना होत्या. शामिसेन हे तंतुवाद्य घेऊन त्या गावोगाव फिरत. हिरोशिगेच्या १८३३-३४च्या तोकाइदो रस्त्याच्या प्रसिद्ध मालिकेत फुताकावाच्या मुक्कामाचं चित्र आहे. उजाड माळ, खुरटी पाइनची झाडं, आणि तीन गोझे आपापली वाद्यं घेऊन चहाच्या टपरीकडे चालल्या आहेत. त्या गात नाहीत, फक्त चालतात. त्यांच्या धंद्याचा खरा वेळ चालण्यातच जात असणार, आणि हिरोशिगेनं नेमकं तेच टिपलं.

दुसरं कारण चित्रकारांचं आहे. चित्रकार डोळ्यांवर जगतो. आंधळा गायक म्हणजे त्याच्या नेमकं उलट: ज्याला आपलं चित्र कधीच दिसणार नाही असा कलावंत. मला वाटतं या ओढीतूनच काही फार मोठी चित्रं झाली.

जॉर्ज द ला तूर (१५९३–१६५२) हे त्यातलं सगळ्यात ठळक नाव. फ्रान्समध्ये नाँतच्या संग्रहालयात त्याचा हर्डी-गर्डीवाला आहे, जवळजवळ माणसाच्या उंचीचा. म्हातारा एका दगडावर बसून गातो आहे. डोळे मिटलेले, तोंड वेडंवाकडं उघडं, दात किडलेले, मोजे घसरलेले. हे बघणं सोपं नाही. पण मग कपड्याचे रंग दिसायला लागतात, मातकट गुलाबी आणि राखाडी, इतके हळुवार की चेहऱ्याकडे परत जावं लागतं. आणि मग वाद्याजवळ एक माशी दिसते, खरीखुरी वाटणारी. मी पहिल्यांदा पडद्यावर हे चित्र मोठं करत गेले तेव्हा ती हाकलायला हात पुढे झाला होता. म्हाताऱ्याला ती दिसत नाही. आपल्याला दिसते. दोघांमधलं अंतर त्या एका माशीनं दाखवलं आहे.

गंमत म्हणजे ला तूरचं नाव मागे पडल्यामुळे हे चित्र पुष्कळ काळ स्पॅनिश उस्तादांच्या नावावर खपलं. १९१५ साली हेरमान फॉस या जर्मन अभ्यासकानं ला तूरला पुन्हा उजेडात आणलं, त्यानंतर हळूहळू त्याची चित्रं त्याच्या नावावर जमा झाली.

ला तूरच्याच एका चित्रात वादक मारामारी करताना दिसतात. ते प्रकरण काय आहे?

ते चित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे, १६२५ ते १६३०च्या दरम्यानचं. डावीकडचा हर्डी-गर्डीवाला एका हातात चाकू घेऊन, दुसऱ्या हातात वाद्याचा दांडा धरून स्वतःला वाचवतो आहे. समोरच्यानं आपली सनई उगारली आहे आणि दुसऱ्या हातानं लिंबू पिळतो आहे, थेट डोळ्यांत. याचा रूढ अर्थ असा: हा खरंच आंधळा आहे की सोंग करतो, याची परीक्षा चालली आहे. कमाईच्या जागेवरून, म्हणजे कोणत्या कोपऱ्यावर कोणी उभं राहायचं यावरून, भांडण जुंपलं असावं.

मला या चित्रात भांडणापेक्षा कडेची माणसं जास्त खुपतात. डाव्या टोकाला एक म्हातारी हात जोडून, घाबरून, आपल्याकडे बघते. उजवीकडे दुसरे दोन वादक, एक बॅगपाइपवाला आणि एक फिडलवाला, मजा बघत उभे. फिडलवाला तर दात काढून थेट आपल्याकडे बघून हसतो. म्हणजे आपणही तमाशा बघायला जमलेल्यांतलेच.

अशी चित्रं बघताना नजर कुठे न्यावी?

ऐकणाऱ्यांकडे. गायक कसा काढला आहे हे सगळेच बघतात. पण चित्रकाराला रस्त्यावरच्या गाण्याबद्दल काय वाटतं, हे त्यानं ऐकणाऱ्यांना कुठे उभं केलं त्यावरून कळतं. कोणी थांबलं आहे का? कोणाची पाठ आहे? पैसे टाकणारा हात दिसतो का? लहान मूल कुठे आहे? मुलं जवळजवळ नेहमी सगळ्यात पुढे असतात.

डेव्हिड विल्कीचा ‘आंधळा फिडलवाला’, १८०६चा, लंडनच्या टेट संग्रहातला, हे याचं उत्तम उदाहरण. एका गरीब घरात फिरस्ता वादक येऊन बसला आहे, त्याचा चेहरा सावलीत. उजेड पडला आहे तो घरच्यांवर. बाप तान्ह्या बाळापुढे चुटक्या वाजवतो आहे, आणि एक पोरगा भाता आणि सळई घेऊन फिडल वाजवल्याची नक्कल करतो आहे. ते पोर चिडवत असेल किंवा मनापासून वाजवत असेल. बहुधा दोन्ही.

होगार्थच्या ‘चिडलेला संगीतकार’ या चित्रात चित्रकार कोणाच्या बाजूनं आहे?

१७४१ सालचं हे छापचित्र. खिडकीत विग घातलेला, शिकलेला व्हायोलिनवादक कान झाकून उभा आहे, आणि खाली लंडनचा रस्ता त्याच्यावर तुटून पडला आहे. रडणारं मूल कडेवर घेऊन गाण्यांचे कागद विकणारी गायिका, त्याच्याच खिडकीखाली ओबो फुंकणारा, डोक्यावर चरवी घेतलेली गवळण, चाकूला धार लावणारा, ढोल बडवणारं पोर, खुळखुळा घेतलेली मुलगी, पोपट, छपरावर भांडणारी मांजरं. एकही कोपरा गप्प नाही.

सहसा हे चित्र ‘बिचारा संगीतकार’ म्हणून सांगितलं जातं. मला तसं वाटत नाही. खिडकीतला माणूस आक्रसलेला, अर्धवट दिसणारा. चित्रातली सगळ्यात देखणी, सगळ्यात सरळ उभी असलेली व्यक्ती म्हणजे ती गवळण, भर मध्यभागी. शिवाय भिंतीवर ‘बेगर्स ऑपेरा’ची जाहिरात चिकटवलेली आहे. १७२८ साली गाजलेलं हे नाटक चोर-भिकाऱ्यांचं, आणि त्यातल्या पुष्कळ चाली रस्त्यावरच्याच. होगार्थ स्वतः त्या नाटकाचा चाहता, त्यानं त्यातल्या प्रसंगाची चित्रंही रंगवली होती. त्याचं मन खिडकीत नाही, खाली रस्त्यावर आहे.

मानेनं रस्त्यावरचे कलावंत का रंगवले?

कारण ते त्याच्या डोळ्यांदेखत हाकलले जात होते. १८५०–६०च्या दशकांत पॅरिसमध्ये हाउसमानच्या योजनेनं जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले जात होते. एदुआर मानेच्या स्टुडिओजवळची ‘पेतीत पोलोन्य’ ही वस्ती अशीच गेली.

१८६२च्या ‘म्हातारा वादक’ या चित्रात, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, मध्ये एक दाढीवाला म्हातारा मांडीवर व्हायोलिन घेऊन बसला आहे. त्यासाठी बसलेल्या माणसाचं नावही माहीत आहे: जाँ लाग्रेन, रोमा समाजातला, पॅरिसमध्ये हातानं फिरवायचा ऑर्गन वाजवणारा. भोवती अनवाणी मुलगी कडेवर बाळ घेऊन, दोन मुलगे, उंच टोपीतला दारुडा, आणि उजव्या कडेला अर्धा कापला गेलेला एक म्हातारा. मोकळ्या, अनाम जागेत सगळे उभे, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. वादकही वाजवत नाही. तो आपल्याकडे बघतो.

ऐकणाऱ्यांकडे बघा असं वर लिहिलं ते इथे जोरानं लागू पडतं. घर गेलेल्या माणसांचा हा जमाव आहे, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी किंवा संपल्यानंतरचा तो क्षण आहे. कोणता, हे मानेनं सांगितलेलं नाही.

त्याच सुमाराचं ‘रस्त्यावरची गायिका’ हे दुसरं चित्र बोस्टनला आहे. एक बाई कॅफेच्या दारातून बाहेर पडते आहे, बगलेत गिटार, कागदात गुंडाळलेली चेरी, आणि त्यातलीच एक ती तोंडाशी नेते आहे. मानेचा मित्र आंतोनँ प्रूस्त यानं सांगितलेली हकिकत अशी की अशी एक बाई मानेला रस्त्यात दिसली होती. चित्रासाठी बसशील का विचारल्यावर ती हसून निघून गेली, मग त्यानं व्हिक्टोरीन मरां हिला बसवलं. गायिकेचं चित्र, आणि तिचं तोंड हातानं झाकलेलं! दिवसभर लोकांसाठी उघडलेलं तोंड आता तिच्या स्वतःच्या खाण्यासाठी आहे. मला हे चित्र फार प्रिय आहे ते याच एका कारणासाठी.

गोयाची दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवतात, ती का?

कारण एकाच माणसानं, चाळीसेक वर्षांच्या अंतरानं, गिटारवाला आणि गर्दी हाच विषय दोनदा हाताळला आणि मधल्या काळात त्याचे कान गेले.

पहिलं १७७८चं, ‘आंधळा गिटारवाला’, माद्रिदच्या प्रादोमध्ये. राजवाड्यात भिंतीवर लावायच्या विणलेल्या पटासाठी केलेला हा नमुना. चौकात आंधळा गातो आहे, भोवती पोरं, बाया, पाणी विकणारा, घोड्यावरचा एक प्रवासी. मजेची, उन्हाची गर्दी. विणकरांनी मात्र तो परत पाठवला: इतक्या बारकाव्यांचं विणायचं कसं? गोयाला तो बदलावा लागला. मूळ रचना त्यानं एका छापचित्रात जपली, आणि ते त्याच्या सगळ्या छापचित्रांत आकारानं मोठं आहे.

१७९२-९३ मध्ये तो मोठ्या आजारातून उठला तो बहिरा होऊनच.

दुसरं चित्र १८२० ते १८२३च्या दरम्यानचं. माद्रिदबाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर, कोणीही सांगितलेलं नसताना, त्यानं काळपट रंगांत चित्रं काढली. त्यातलं एक म्हणजे ‘सान इसिद्रोची यात्रा’. जवळजवळ साडेचार मीटर लांब. अंधाऱ्या टेकड्यांतून माणसांचा लोंढा पुढे येतो आहे, आणि सगळ्यात पुढे गिटारवाला. तोंडं उघडी आहेत, सगळी. डोळे पांढरे, वर फिरलेले. हे सामूहिक गाणंच आहे, पण गाणं काढून घेतलेलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला गाणारा जमाव असाच दिसत असेल: हलणारे जबडे, ताणलेल्या शिरा, आणि आवाज नाही.

या चित्राला भीषण म्हणण्याची पद्धत आहे. पण मला त्यात आठवण दिसते. याच संताच्या जत्रेचं एक उजळ, नदीकाठचं, छत्र्या-पंख्यांचं चित्र त्यानं १७८८ साली केलं होतं, तेव्हा त्याला ऐकू येत होतं. ती जागा त्याला पाठ होती. गाणीही पाठ असणार.

सामूहिक गाणं आणि गर्दी यांत चित्रकार फरक कसा करतो?

चेहरे एकसारखे काढले की गर्दी होते. वेगळे काढून एका गोष्टीला बांधले की समूह होतो. ती एक गोष्ट बहुतेक वेळा अगदी साधी असते: एक वही, एक कागद, एक ढोल.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलसाठी लुका देल्ला रोब्बियानं १४३१ ते १४३८ या काळात संगमरवरी गानसज्जा कोरला. त्यात पोरं एकाच वहीत डोकावून गातात. मागच्याला दिसत नाही म्हणून तो मान लांब करतो. वर्गात एका पुस्तकात तिघांनी बघितलेल्या कुणालाही हे लगेच ओळखू येईल.

यान स्टेनच्या १६६८–७०च्या चित्रात, हेगच्या मॉरित्सहाउसमधल्या, एक अख्खं कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती गात-वाजवत बसलं आहे. आजीच्या हातात गाण्याचा कागद, त्यावर डच म्हण: थोरांनी जसं गावं तसं धाकट्यांनी फुंकावं. एक तरुण बॅगपाइप फुंकतो आहे. आणि स्टेन स्वतः, खो खो हसत, एका मुलाला तंबाखूचा पाइप ओढायला शिकवतो आहे, कारण डचमध्ये ‘फुंकणं’ आणि ‘पाइप ओढणं’ यांना शब्द एकच. सामूहिक गाण्यात सूर पुढच्या पिढीकडे जातो आणि त्याबरोबर खोडीही जातात, हे त्यानं प्रेमानं आणि काळजीनं, दोन्हीनं, काढलं आहे.

आणि जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ. १९०१च्या तिच्या ‘कार्मान्योल’ या छापचित्रात अरुंद, उंच घरांच्या गल्लीत बायका गिलोटिनभोवती, म्हणजे मुंडकं उडवायच्या यंत्राभोवती, नाचत गात आहेत, एक पोरगा ढोल बडवतो आहे. कार्मान्योल हे फ्रेंच क्रांतीतल्या गाण्याचं आणि नाचाचं नाव. त्या बायका भुकेल्या आहेत, संतापलेल्या आहेत, आणि एका तालात आहेत. यात तिनं निवाडा दिलेला नाही. इथे त्यांना बांधणारी वस्तू मधोमध उभी आहे, आणि ती वही नाही.

चित्रातल्या वहीवरचं संगीत खरंच वाचता येतं का?

पुष्कळदा येतं. काराव्हाज्जोच्या, इजिप्तला पळून जाताना विसावलेल्या येशूच्या कुटुंबाच्या चित्रात देवदूत व्हायोलिन वाजवतो आणि म्हातारा जोसेफ त्याच्यापुढे वही धरून बसला आहे. ती वही वाचून संगीत ओळखलं गेलं आहे.

याचा एक भलताच उपयोगही होतो. लीलच्या संग्रहालयात ‘अंड्यातली मैफल’ नावाचं चित्र आहे: फुटलेल्या प्रचंड अंड्यात दहा-बारा जण कोंबून बसून एका वहीतून गात आहेत. ते पूर्वी बॉशचं समजत. पण वहीतलं गाणं निघालं १५४९च्या सुमाराचं, आणि बॉश गेला १५१६ साली. गाण्यानंच साक्ष दिली.

याच्या उलटही होतं का, म्हणजे गायक चित्र वापरतात असं?

होतं, आणि जगभर. जर्मन भाषक मुलुखात बाकावर उभं राहून गाणारे फिरते गायक असत. मागे मोठा कापडी फलक, त्यावर खून, आग, पूर यांचे चौकोन रंगवलेले. गायक छडीनं एकेक चौकोन दाखवत गाणार, साथीदार गाण्याची पुस्तिका विकणार. बंगालचे पटुआ पट उलगडत गातात. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. यांच्याकडे चित्र आणि गाणं ही दोन कामं नाहीत.

फोटो आल्यावर काय बदललं?

मॉडेलला बसवावं लागणं संपलं, पण लगेच नाही. यूजीन आत्जे काचेच्या जड प्लेटा आणि तिवईवरचा कॅमेरा घेऊन पॅरिसमध्ये फिरे. त्याच्या १८९८-९९च्या एका फोटोत ऑर्गन फिरवणारा दाढीवाला गंभीर उभा आहे, आणि शेजारी ठेंगणी गायिका, हात पसरून, मान वर करून, अख्ख्या चेहऱ्यानं हसते आहे. त्याकाळच्या कॅमेऱ्यासाठी स्थिर राहावं लागे, म्हणजे ते हसू तिनं धरून ठेवलं आहे. आत्जे हे फोटो चित्रकारांना संदर्भासाठी विकायचा. चित्रकार तिच्यात काय शोधत असतील कुणास ठाऊक, मला तिचा पसरलेला हात पुरतो.

आंद्रे केर्टेसनं १९२१ साली हंगेरीतल्या अबोनी गावात आंधळा व्हायोलिनवाला टिपला. मातीचा रस्ता ओलांडत तो वाजवतो आहे, सोबत अनवाणी मुलगा. या फोटोत रस्ताही ऐकू येतो.

विसाव्या शतकातल्या चित्रांपैकी काय बघावं?

पिकासोचा ‘म्हातारा गिटारवाला’, १९०३-०४, शिकागोत. सगळं निळं, फक्त गिटार तपकिरी. नीट पाहिलं तर म्हाताऱ्याच्या मानेच्या वरच्या बाजूला रंगाखालून एका बाईचा चेहरा पुसट दिसतो. पैसे नव्हते, म्हणून जुन्या चित्रावरच नवं रंगवलं.

विल्यम एच. जॉन्सनची १९४०च्या आसपासची, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीची छापचित्रं, ‘रस्त्यावरचे वादक’ आणि ‘आंधळा गायक’. सपाट, तेजस्वी रंग, कोनाकोनांची अंगं, पाय तालावर वाकलेले. दयेचा लवलेश नाही, आणि म्हणून ती ताजी वाटतात.

नंदलाल बोस यांनी काँग्रेसच्या १९३८च्या हरिपुरा अधिवेशनासाठी केलेल्या चित्रांत एक ढाकी आहे. ढोल त्याच्या अंगापेक्षा मोठा, आणि जाड, धावत्या रेषेत सगळा माणूस त्या ढोलाभोवती वळलेला. ही चित्रं मंडपात, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावीत म्हणून लावलेली होती.

घरबसल्या ही चित्रं नीट बघता येतील का?

बरीचशी येतील. गेटी आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आपल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रती मोफत उतरवू देतात, आणि गेंटचं वेदीचित्र संकेतस्थळावर इतकं मोठं करता येतं की देवदूताच्या झग्यावरचा एकेक मोती वेगळा दिसतो. सुरुवात गेंटपासून करा. घडवंचीशी उभ्या असलेल्या देवदूतांच्या तोंडांवर जा, आणि एकेकाच्या ओठांचा आकार आपल्या ओठांनी करून बघा. प्रत्येक आकाराला वेगळा स्वर निघतो.